शनिवारचा जोडा

शुक्रवारी संध्याकाळी इंद्रजित रामटेके माळ्यावरून बुटांचं खोकं काढायला स्टुलावर चढले. खाली शैलाबाईंनी हातांनी स्टूल धरलं होतं आणि तोंड मोकळं सोडलं होतं.

"जुनेच घालू द्या ना तिले. उद्या काय नवरी सजवून पाठवायची आहे का?"

"जुन्यांचा तळ पाहिला का? टकलू झाला आहे. उद्या लाकडी कोर्टावर खेळायचं आहे."

"मंग दोन महिने आधी काढायचे होते. रुळू द्यायचे होते."

"खास दिवसासाठी ठेवले होते ना, म्हणून तं ठेवले!"

या वाक्यावर कोणत्याही मराठी बाईला उत्तर सापडत नाही, कारण तिच्याही कपाटात खास दिवसासाठी ठेवलेली एक चादर, सहा कप आणि एक साडी वर्षानुवर्षं तो दिवस कधी उजाडतो याची वाट बघत असतात. शैलाबाईंनी स्टूल आणखी घट्ट धरलं. खोकं खाली आलं. त्यावर धुळीचा थर होता आणि आत डांबराच्या गोळ्यांचा वास. त्या गोळ्या शैलाबाईंनीच टाकल्या होत्या, झुरळं होऊ नयेत म्हणून. माळ्याच्या वर पत्रा होता. लखनौच्या मे-जूनमध्ये त्या पत्र्यावर पापड टाकला असता तर तळून खाली आला असता. त्या पत्र्याखाली बुटांनी अख्खा उन्हाळा काढला होता, पण ही गोष्ट त्या संध्याकाळी कोणाच्या डोक्यात आली नाही.

नेत्रानं बूट पायात घातले आणि खोलीत दोन उड्या मारल्या. फरशीवर चर्र वाजलं. "पापा, मस्त है," ती म्हणाली. रामटेक्यांच्या मुलीला मराठी सगळं समजतं, पण ती उत्तर हिंदीतून देते. कानपूर रोडवरच्या सरोजिनी नगरात जन्मून तिथेच वाढलेल्या मुलीनं दुसरं काय करावं?

ती बूट काढून गेल्यावर शैलाबाईंनी झाडू घेतला. फरशीवर पिवळट पापुद्रे पडले होते, भिजवून वाळलेल्या मुगाच्या सालासारखे.

"हे काय गळलं जी यातून?"

"नवा माल आहे. गोंद जास्तीचा लागतो, तो झडतो," रामटेके म्हणाले.

शैलाबाईंनी पापुद्रे सुपलीत भरले आणि केराच्या डब्यात टाकले. शहाण्या माणसाच्या घरातून पुरावा असा रोज झाडूनं बाहेर जातो.

रामटेक्यांच्या शहाणपणाबद्दल मात्र कोणी शंका घेऊ नये. मूळचे पवनीचे, भंडारा जिल्ह्यातले. सरकारी धान्य गोदामात गुणवत्ता निरीक्षक. ट्रक आला की लोखंडी परखी पोत्यात खुपसून मूठभर दाणे बाहेर काढायचे, अंगठ्यानं चोळायचे आणि सांगायचे: "ओल आहे. परत न्या." ठेकेदार गयावया करायचा, चहा मागवायचा, कोणाकोणाचे फोन आणायचा. रामटेके चहा प्यायचे आणि ट्रक परत पाठवायचे. "फोनमध्ये ओल मोजता येत नाही," असं ते म्हणत. गोदामातले हमाल त्यांना पाठीमागे 'अंगूठा साहब' म्हणत, आणि हे त्यांना माहीत होतं, आणि त्यांना ते आवडत होतं.

तरुणपणी नागपुरात त्यांनी स्वतः बास्केटबॉल खेळला होता. उंची बेताची, पण बॉल हातात आला की कोणाला पास मिळत नसे. आता उंची नेत्रानं आईकडून आणि हट्ट बापाकडून घेतला होता.

पण रामटेक्यांची खरी ओळख गोदामात नव्हती आणि कोर्टावरही नव्हती. ती होती त्यांच्या मुहूर्तांत. रामटेके मुहूर्त बघत. अगदी बारकाईनं, कॅलेंडर समोर धरून बघत, आणि जो दिवस सगळ्यांत वाईट असेल तो निवडत. शैलाबाईंशी त्यांचं लग्न झालं ते अमावास्येला. हॉल रिकामा मिळाला आणि आचारीसुद्धा फुरसतीत होता, त्यामुळे जेवण फार चांगलं झालं. घर घेतलं ते दक्षिणेकडच्या दाराचं, आणि त्यात पाय ठेवला पितृपक्षातल्या शनिवारी. शैलाबाईंना दिवस गेले असताना ग्रहण लागलं, तेव्हा शेजारच्या बायकांनी त्यांना चाकू-कात्रीला हात लावू नको म्हणून बजावलं; रामटेक्यांनी मात्र बाजारातून वांगी आणली आणि म्हणाले, "चिर." शैलाबाईंनी चिरली. नेत्रा जन्मली ती सगळ्या बोटांसकट, आणि वरून इतकी उंच की नर्सनं दोनदा मोजली. बाबासाहेबांच्या फोटोखाली उभं राहून रामटेके हे सगळं पाहुण्यांना सांगत, आणि प्रत्येक वेळी ती वांगी थोडी मोठी होत.

आणि खरंच, या माणसाचं कशानंही काही वाईट झालं नव्हतं. शैलाबाईंना कधी कधी त्याचीच भीती वाटे.

तर बुटांचं असं होतं. नेत्राला मोठ्या विदेशी कंपनीचे बूट हवे होते, मैत्रिणींसारखे. रामटेके म्हणाले, नाव पायात घालून कोणी उडी मारत नाही. त्यांनी शोधून शोधून एका देशी कंपनीचे स्वस्तातले बास्केटबॉलचे बूट काढले. कंपनीचं नाव ऐकून मैत्रिणी म्हणाल्या, "ये जूता है कि खाँसी की दवाई?" एका जोडावर दुसरा अर्ध्या भावात होता. रामटेक्यांनी एकाच मापाचे दोन जोड घेतले: एक वापरायला, एक माळ्यावर.

पहिल्या जोडाची त्यांनी ट्रकसारखी तपासणी केली. कॉलनीच्या सिमेंटच्या कोर्टावर नेत्राला पळवलं, थांबवलं, वळवलं. धुळीत तळ घसरायचा, बाजरीवर पाय पडावा तसा. पण ओल्या फडक्यानं पुसला की पुन्हा धरायचा. टाच जरा कडक, पण पुढच्या भागात उसळी चांगली. वरचं कापड हवा कोंडून धरणारं, त्यामुळे जूनमध्ये मोज्यातून पाणी पिळावं लागे. घोट्याभोवतीची पट्टी मात्र घट्ट आणि भरवशाची. आणि विद्यापीठाच्या लाकडी कोर्टावर पहिल्यांदा खेळून आली तेव्हा नेत्रा म्हणाली होती, "पापा, ये तो फर्श से चिपक जाता है!" रामटेके आठवडाभर हवेत होते. मैत्रिणींचे महागडे बूट त्या वर्षी दोनदा उसवले, हे टिकले. फक्त तळाचं रबर मऊ होतं. सिमेंटनं ते खोडरबरासारखं खाल्लं आणि वर्षभरात पुढचा भाग गुळगुळीत करून टाकला.

म्हणून उद्याला दुसरा जोड. तोच माल, तीच कंपनी, तेच माप. तपासलेलाच म्हणायचा.

उद्या राज्य संघाची निवड चाचणी होती. राज्याकडून एकदा खेळलं की खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरीचं दार किलकिलं होतं, आणि नेत्राचं हे वय निघून चाललं होतं. त्यात तिचा उजवा घोटा. मागच्या थंडीत तो असा मुरगळला होता की ती दीड महिना घरात लंगडी खेळत होती. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रेची फिल्म उजेडाला धरून सांगितलं होतं, "एक बार और ऐसा हुआ तो बेटा, खेल भूल जाना." हे वाक्य रामटेक्यांच्या घरात त्यानंतर कोणी उच्चारलं नाही, पण ते जेवायला रोज सगळ्यांबरोबर बसत होतं.

आणि उद्या शनिवार होता.

*

सकाळी कल्पनाभाभी वाटीत दही-साखर घेऊन आल्या. कल्पना श्रीवास्तव शेजारी राहत, स्वतःची छोटी गाडी स्वतः चालवत, आणि नेत्राला अंगाखांद्यावर खेळवलं असल्यामुळे आज तिला चाचणीच्या हॉलवर त्याच घेऊन जाणार होत्या. त्यांनी नेत्राच्या तोंडात चमचा घातला. रामटेक्यांनी हरकत घेतली नाही. दह्यात प्रथिनं असतात, असं त्यांचं मत होतं.

मग भाभींची नजर खोक्यावर गेली.

"नए हैं? आज पहनाएँगे?"

"आजच," रामटेके म्हणाले.

"भाईसाहब, शनिवार को नया जूता! हमारे यहाँ तो शनिवार को जूता दुकान से भी नहीं उठाते. कल रात ही पहना देते थोड़ा-सा, तो पुराना हो जाता."

हा त्यांचा प्रेमाचा उपाय होता, आणि त्या जागी दुसरा कोणी बाप असता तर हसून मान डोलावून मोकळा झाला असता. पण रामटेक्यांचे डोळे चमकले. इतका वेळ त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं! शनिवार, आणि नवा जोडा! असा योग ते कॅलेंडर बघूनसुद्धा जमवू शकले नसते.

"भाभी, अब तो यही पहनेगी."

"अच्छा, पर थैली में पुराने भी रख लीजिए."

"कशाला?"

शैलाबाई स्वयंपाकघरात डबा भरत होत्या. त्यांनी एक मोठा टॉवेल घेतला, त्यात काहीतरी गुंडाळलं आणि डब्याखाली ठेवलं. रामटेक्यांनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. चोवीस वर्षांच्या संसारात हे कौशल्य दोघांनाही आलेलं असतं.

गाडी कानपूर रोडला लागली. डोक्यावरून विमान इतकं खाली गेलं की बोलणं थांबलं. छावणीच्या अलीकडे सिग्नलला एक माणूस बादली घेऊन आला. बादलीत तेल, तेलात शनीची काळी लोखंडी मूर्ती. भाभींनी काच खाली करून नाणं टाकलं. नाणं तेलात बुडालं आणि आवाजही झाला नाही. त्या माणसानं मागच्या सीटवर बसलेल्या रामटेक्यांच्या बाजूला बादली नेली. रामटेक्यांनी काच वर केली. खाली वाकून त्यानं आत पाहिलं, नेत्राच्या मांडीवरच्या खोक्याकडे, आणि सिग्नल हिरवा होईपर्यंत तिथेच उभा राहिला.

"पापा, ए.सी. चलाओ ना, गर्मी है," नेत्रा म्हणाली. खरं तर गाडीत गरम नव्हतं.

*

नेत्राच्या प्रत्येक सामन्याआधी तिच्या बुटांच्या नाड्या रामटेके बांधत. ती चौथीत होती तेव्हापासूनची पद्धत. आता मुलगी त्यांच्यापेक्षा हातभर उंच झाली होती, तरी बाकावर बसून ती पाय पुढे करायची, आणि बाप एक गुडघा टेकून बसायचा. दुहेरी गाठ, टोकं आत खोचलेली. इतर मुली हसायच्या. नेत्राला त्याचं काही वाटत नसे.

डावा झाला. उजव्या बुटाची नाडी ओढताना रामटेक्यांनी सवयीनं बुडाला हात दिला आणि त्यांचा अंगठा थांबला.

पुढच्या बाजूला, अंगठ्याच्या सांध्यापाशी, जिथे वरचा भाग तळाला भेटतो, तिथे एक रेघ होती. त्यांनी नख लावलं. नख आत गेलं. थोडं दाबलं तर आणखी आत गेलं. आत गोंद नव्हता. कोरडं, भुसभुशीत काहीतरी होतं, आतून कीड लागलेल्या गव्हासारखं. रामटेक्यांना ते बघायचीही गरज नव्हती. अशा स्पर्शावर त्यांनी आयुष्यात अख्खे ट्रक परत पाठवले होते.

"थांब," असं त्यांच्या ओठांवर आलंच होतं.

त्याच क्षणी पाठीमागून कल्पनाभाभी म्हणाल्या, "भाईसाहब, अब भी सोच लीजिए. ज़िद अच्छी नहीं. शनिवार है."

अंगठा नाडीवर परत आला. "शनिवार आहे म्हणूनच," रामटेके म्हणाले, आणि गाठ मारली. दुहेरी. टोकं आत.

नेत्रा उठून पळत गेली. ते एक गुडघा टेकून तसेच बसून राहिले. शैलाबाई म्हणाल्या, "उठा जी, लोक पाहून राहिले."

*

पालकांनी वर बसायचं आणि तोंड उघडायचं नाही, असा चाचणीचा नियम होता. निवड करणाऱ्या अंतरा मॅडम खाली खुर्चीत बसल्या होत्या, गळ्यात शिट्टी, चेहऱ्यावर काहीही नाही.

आणि नेत्रा काय खेळली म्हणता! नवा तळ लाकडाला असा धरत होता की तिला हवं तिथे ती थांबायची आणि तिच्यामागे पळणारी दोन पावलं पुढे निघून जायची. चर्र, वळली, चर्र, थांबली, हात वर, बॉल जाळीत. कल्पनाभाभींनी शैलाबाईंचा हात घट्ट धरून ठेवला होता. अंतरा मॅडमनी शेजारच्या माणसाच्या कानात काहीतरी सांगितलं आणि त्यानं मान हलवली.

रामटेक्यांना यातलं काही दिसलं नाही. बॉल कुठे आहे हेसुद्धा त्यांना माहीत नव्हतं. ते फक्त उजवा बूट बघत होते. नेत्रा उडाली की त्यांचे पाय बाकाखाली आखडायचे. ती खाली आली की ते श्वास सोडायचे आणि लगेच ती पुन्हा उडी घ्यायची. बास्केटबॉलमध्ये इतक्या उड्या असतात हे तीस वर्षं या खेळात असून त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

त्यांनी ठरवलं, एका थेंबानं पोतं नासत नाही. मग त्यांना आठवलं की नासतं.

मध्यंतराच्या थोडं आधी ती काठावर वळली, आणि त्यांनी पाहिलं. बुटानं तोंड उघडलं. जरासंच, झोपेत माणसाचे ओठ विलग व्हावेत तसं, आणि पाऊल टेकल्यावर मिटलं. हॉलभर कोणालाही दिसलं नसतं. ते दिसण्यासाठी कुठे बघायचं हे माहीत असायला हवं.

शिट्टी झाली. रामटेके जिन्यावरून खाली आले. नेत्रा बाकावर पाणी पीत होती, घामानं निथळत, खूश.

"नेत्रा, बूट बदल. जुने आणले आहेत आईनं."

"क्यों? इतना अच्छा तो चल रहा है! ग्रिप देखी आपने?"

"बदल म्हणतो ना."

"पर क्यों, पापा?"

आता सांगायचं होतं. फार लांबलचक नव्हतं, एका ओळीचं होतं: तळ सुटतो आहे, मला मघाशी कळलं आणि मी बोललो नाही. भाभी दोन हात अंतरावर उभ्या होत्या. शैलाबाई टॉवेलचं गाठोडं घेऊन आल्या होत्या. आणि बावीस वर्षांची पोरगी त्यांच्याकडे बघत होती, जिला त्यांनी लहानपणापासून शिकवलं होतं की माणसानं डोळ्यांनी बघावं, हातानं तपासावं आणि मगच मानावं.

रामटेक्यांच्या तोंडून शब्द आले ते असे: "आज शनिवार आहे."

नेत्रा हसायला लागली. पाणी नाकात गेलं तिच्या.

"पापा! आप? शनिवार?"

"हो. उगीच कशाला..."

"भाभी ने डरा दिया आपको! मम्मी, सुनो, पापा को शनि लग गया!" ती उठली. बापाच्या खांद्यावर थाप मारली, प्रेमानं. "अंधश्रद्धा, पापा. आपने ही सिखाया है." हा एकच शब्द ती मराठीत बोलली आणि पळत कोर्टावर गेली.

कल्पनाभाभींनी हात जोडले. त्यांना वाटलं, भाईसाहबांना शेवटी सुबुद्धी झाली. शैलाबाई मात्र नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. ग्रहणात वांगी चिरायला लावणारा माणूस शनिवारला घाबरत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

"काय झालं जी खरं?" त्यांनी विचारलं.

खेळ सुरू झाला होता.

"तळ," रामटेके पुटपुटले.

"काय?"

नेत्राला बॉल मिळाला. समोर जागा मोकळी होती. ती निघाली, एक, दोन ठोके, आणि उडीसाठी उजवं पाऊल रोवायला आली. रामटेक्यांना दिसलं की बुटाचं तोंड आता मिटत नाही. पावलागणिक तळ पुढे लोंबतो, कुत्र्याच्या जिभेसारखा, आणि ती वर बघते आहे, जाळीकडे.

"नेत्राऽ! शनिवार नाही गंऽ! तळ सुटला आहे! मले सकाळपासून मालूम होतं!"

असला आवाज त्या हॉलमध्ये पूर्वी कोणी काढला नसेल. सगळा हॉल वळला. काय म्हणाला ते त्यातल्या कोणालाच कळलं नाही, कळलं दोघींना. एक, शैलाबाई, बाजूलाच उभी होती. दुसरीनं रोवायला नेलेलं पाऊल आखडून घेतलं, तोल गेला, बॉल हातातून सुटला, ती दोन पावलं धडपडत डाव्या गुडघ्यावर आली आणि हात टेकून थांबली. विरुद्ध बाजूच्या मुलीनं बॉल उचलला आणि पलीकडे जाऊन आरामात जाळीत टाकला.

शिट्टी वाजली, लांब.

"कौन हैं ये?" अंतरा मॅडमनी विचारलं. "बाहर जाइए आप."

*

त्यांना बाहेर जाऊ दिलं नाही ते नेत्रानंच. ती टाचेवर चालत काठापर्यंत आली, बसली, बूट काढला. दोन्ही हातांत धरून वाकवला. फार जोर लावावा लागला नाही. तळ टाचेपर्यंत उलगडत गेला, केळ्याच्या सालीसारखा, आणि पिवळी भुकटी तिच्या मांडीवर सांडली. तिनं उजव्या घोट्यावर हात ठेवला. तो जागच्या जागी होता. तिनं तो हात तिथून बराच वेळ काढला नाही.

अंतरा मॅडम येऊन बघून गेल्या. "बच गई तुम," एवढंच म्हणाल्या.

कल्पनाभाभी विचारत होत्या, "क्या बोले थे ये? क्या बोले?"

"आपको सुबह से पता था?" नेत्रा म्हणाली.

"हो."

"सुबह. जब लेस बाँध रहे थे."

"हो."

"और मैंने पूछा, क्यों. तो आपने शनिवार बोला."

शैलाबाईंनी टॉवेल सोडला. आतून जुने बूट निघाले, गुळगुळीत तळाचे, धुऊन स्वच्छ केलेले. रामटेके सवयीनं खाली बसले, गुडघा टेकला, हात पुढे केला.

नेत्रानं पाय मागे घेतला.

तिनं स्वतः नाड्या बांधल्या. तिला ती गाठ येत नव्हती; साधी मारली आणि टोकं मोकळीच राहिली. मग टॉवेल ओला करून काठावर पसरला, त्यावर तळ घासले आणि आत गेली.

राहिलेला वेळ ती जपून खेळली. उडी टाळली, पास दिले, लांबून बॉल टाकले, काही गेले. दर थोड्या वेळानं टॉवेलवर येऊन पाय घासायची. टॉवेल रामटेक्यांच्या पायाशी होता, पण ती खाली बघायची. एकदा घसरली. हॉलमधल्या सगळ्यांना ते साधं घसरणं वाटलं. बाकावर तिघंही अर्धी उभी राहिली आणि अर्ध्यावरच थांबली, ती उठून पळेपर्यंत.

संध्याकाळी बारा नावं वाचली गेली. त्यात नेत्रा नव्हती. मग राखीव म्हणून दोन नावं वाचली. त्यातलं दुसरं तिचं.

"मतलब?" कल्पनाभाभींनी विचारलं.

"मतलब किसी को चोट लगे तो मैं," नेत्रा म्हणाली.

"तो दुआ करूँ कि लगे?"

"नको, भाभी," रामटेके म्हणाले.

परतीच्या वाटेवर त्याच सिग्नलला गाडी थांबली. बादलीवाला तिथेच होता, बादलीत नाणी आता तळ झाकत होती. या वेळी रामटेक्यांनी काच वर केली नाही आणि खालीही केली नाही. शैलाबाई हळूच म्हणाल्या, "नेत्रा धडपडली तवा तुम्ही हात जोडले होते. मी पाहिलं. कोणाले?"

"हात पुसत होतो," रामटेके म्हणाले. "घाम आला होता."

शैलाबाईंनी विषय सोडून दिला. घामाचं कारण त्यांनी मनातल्या मनात ट्रकासारखं परत पाठवलं.

*

त्यानंतर घरात आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. नेत्रा बोलायची, जेवायची, "पापा, पानी देना" म्हणायची. फक्त कॉलनीच्या कोर्टावर निघताना ती दाराबाहेरच्या पायरीवर बसून स्वतः नाड्या बांधायची, आणि रामटेके आत पेपर उघडून बसायचे. तिची गाठ सुटायची. खेळता खेळता ती वाकून पुन्हा बांधायची. खिडकीतून ते दिसायचं.

गोदामात या दिवसांत ठेकेदार त्रासून गेले. अंगूठा साहब एकेका पोत्यात दोनदोनदा परखी घालू लागले होते.

मग एका संध्याकाळी नेत्रा खोकं घेऊन आली. तिनं स्वतः बूट आणले होते, आणि तेही त्याच खोकल्याच्या औषधाच्या कंपनीचे. "जूता अच्छा है," ती आईला म्हणाली. "माळे पे रखने के लिए नहीं है, बस."

ती अंगणात बसली. कल्पनाभाभी कुंपणापलीकडे तुळशीला पाणी घालत होत्या. त्यांनी खोकं पाहिलं, तोंड उघडलं, मिटलं, पण राहवलं नाही.

"बेटा, आज फिर शनिवार है..."

सगळ्यांनी रामटेक्यांकडे पाहिलं. ते दारात उभे होते. या वाक्याला त्यांच्याकडे आयुष्यभर एक तयार उत्तर होतं.

"असेल," ते म्हणाले.

नेत्रानं एक बूट हातात घेतला, वाकवून बघितला, आणि मग दोन्ही बूट त्यांच्यापुढे धरले. "अंगूठा," ती म्हणाली.

रामटेके पायरीवर बसले. चष्मा काढून ठेवला. याला डोळे लागत नाहीत. टाचेपासून सुरुवात केली. अंगठा तळाच्या कडेनं हळूहळू पुढे सरकत होता, दाबत, थांबत. डावा झाला. उजवा अर्धा झाला. करंगळीच्या बाजूला अंगठा थबकला, मागे आला, पुन्हा गेला.

वरून विमान गेलं.

"इथे," रामटेके म्हणाले. "फार नाही. पण शंका आहे. परत कर."

"पक्का? दुकानवाला झगड़ा करेगा."

"मी येतो संगं. करू दे."

नेत्रानं बूट खोक्यात ठेवले, झाकण लावलं. मग पायरीखालचे जुने, टकलू तळाचे बूट ओढून पायात सरकवले. उठली नाही. नाड्या दोन्ही बाजूंना लोंबत होत्या. कोर्टावरून मैत्रिणी हाका मारत होत्या आणि ती बसून होती, दूर कुठेतरी बघत, एक पाय थोडा पुढे.

रामटेक्यांनी गुडघा टेकला. दुहेरी गाठ मारली, टोकं आत खोचली.

ती पळत गेली. शैलाबाई चहा घेऊन बाहेर आल्या, तर हे कुंपणापाशी उभे. कोर्टावर धूळ उडत होती, बॉल आपटत होता, मुली ओरडत होत्या.

"कोण जिंकून राहिलं?" त्यांनी विचारलं.

रामटेक्यांना माहीत नव्हतं. ते खाली, धुळीत, तिच्या उजव्या पावलाकडे बघत होते, आणि ते पाऊल जमिनीवरून उचललं की चहाचा कप त्यांच्या हातात तसाच अधांतरी राहत होता.